दावा वाचायला बसताना

भावा, अमेरिकेतले शेअर घेतलेस आणि आता ‘स्वयंचलित गाड्यांबद्दल कंपनीनं खोटं सांगून आम्हाला फसवलं’ म्हणत भागधारकांनी केलेल्या खटल्यांची बातमी वाचून झोप उडालीय, हे समजलं. घाबरू नकोस, सुरुवातीला थोड्याच गोष्टी पुरतात.

भाव पडला म्हणजे फसवणूक झाली, असं होत नाही. नव्याची पहिली चूक हीच. कंपनीचं विधान खोटं होतं, बोलणाऱ्याला ते माहीत होतं किंवा त्यानं बेफिकिरी केली आणि त्यामुळेच तुझं नुकसान झालं, हे सगळं दाखवावं लागतं.

म्हणून मी राजारामपुरीत दाव्याची प्रत छापून घेतो आणि दोन रंगांनी खुणा करतो. ‘गाडी आज स्वतः चालते’ याला लाल. ‘पुढच्या वर्षी चालेल’ याला हिरवा. कारण १९९५ च्या अमेरिकी कायद्यानं योग्य इशाऱ्यासह केलेल्या भविष्याच्या अंदाजांना बरंच संरक्षण दिलंय. टेस्लावर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झालेला भागधारकांचा दावा २०२४ मध्ये फेटाळला गेला, तेव्हा हाच फरक मोठा ठरला. माझ्या मते सगळा अभ्यास इथंच आहे, घाई करू नकोस.

आणि हे दोन बघ:

- दाव्यात फसवणुकीचा म्हणून जो काळ दिलाय, त्यातल्या तारखांच्या दरम्यान तू शेअर घेतलेस का? काँट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरनं दिलेली खरेदीची पावती, काढ.
- वकिलांच्या जाहिरातीतली ६० दिवसांची मुदत मुख्य वादी, म्हणजे सगळ्या भागधारकांच्या वतीनं खटला चालवणारा, होण्यासाठी असते. ती चुकली म्हणून भरपाईचा हक्क जात नाही.

अपील, तडजोडीचे हिशेब नंतर. आधी खुणा करून प्रत घेऊन ये, बसू.