वाचकांचे प्रश्न : जुना कीबोर्ड, नवा संगणक

प्रश्न : मिरजेत माझे डीटीपीचे छोटे केंद्र आहे. गोल पिनचा टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड मी वर्षानुवर्षे वापरत आलो असून त्यावर हात इतका बसला आहे की दुसऱ्या कीबोर्डवर कामाचा वेग निम्म्यावर येतो. नव्या संगणकाला गोल सॉकेटच नाही. दुकानातून गोल पिन यूएसबीला लावण्याचा जांभळा छोटा जोड आणला. तो दोन्हीकडे नीट बसतो, पण कळा उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडला असेल का? आणि तो सुरू झालाच, तर मराठी टायपिंग पूर्वीसारखे होईल का?

उत्तर : कीबोर्ड टाकून देण्याची घाई करू नका, दोष बहुधा त्या जोडाचा आहे. आपल्या कीबोर्डची गोल पिन 'पीएस/२' या नावाने ओळखली जाते आणि आयबीएमने १९८७ साली आणलेल्या संगणकमालेवरून हे नाव रूढ झाले. या पिनमध्येही वीज, अर्थिंग आणि संदेशासाठी दोन अशा चारच तारा कामाच्या असतात व यूएसबीतही चारच असतात, त्यामुळे एकीच्या तारा दुसरीला जोडल्या की भागेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्या तारांमधून जे जाते ते अगदी वेगळे असते. पीएस/२ कीबोर्ड कळ दाबताच आपण होऊन एक संकेत पाठवतो आणि बोट उचलताच दुसरा. यूएसबी कीबोर्ड मात्र संगणक ठरावीक अंतराने विचारेल तेव्हाच, त्या क्षणी कोणकोणत्या कळा दाबलेल्या आहेत हे सांगतो. इंग्रजी 'ए'च्या कळीचा क्रमांकसुद्धा दोन्हीकडे निराळा आहे.

आपण आणलेल्या जोडात फक्त तारा आहेत, चिप नाही. ज्या कीबोर्डच्या आतील सर्किटला दोन्ही पद्धती येतात, त्यांच्यासाठीच असे जोड बनवलेले असतात. निव्वळ पीएस/२ जाणणाऱ्या आपल्या कीबोर्डला संकेतांचे रूपांतर करणारा, आत चिप असलेला कनव्हर्टर हवा. बाजारात तो बहुधा एका टोकाला यूएसबी पिन आणि दुसऱ्या टोकाला जांभळे व हिरवे अशी दोन गोल सॉकेट, या रूपात मिळतो. कीबोर्ड जांभळ्यात लावायचा, हिरवे माउससाठी असते. खरेदीपूर्वी दुकानातच एक चाचणी करून घ्यावी. कीबोर्ड न लावता नुसता कनव्हर्टर संगणकाला जोडावा आणि 'डिव्हाइस मॅनेजर' (जोडलेल्या उपकरणांची विंडोजमधील यादी) उघडून पाहावे. खरा कनव्हर्टर तेथे स्वतःच यूएसबी कीबोर्ड म्हणून दिसतो, तर नुसत्या तारांच्या जोडाची संगणक दखलही घेत नाही. दुकानदाराच्या शब्दापेक्षा मी या चाचणीवर अधिक विश्वास ठेवीन.

जोडताना आधी कीबोर्ड कनव्हर्टरला लावून मगच कनव्हर्टर संगणकाला लावावा, कारण पीएस/२ची रचना चालू विजेवर काढघाल करण्यासाठी केलेली नाही. जुन्या कीबोर्डना आजच्या कीबोर्डपेक्षा वीजही जास्त लागते. दिवे मिणमिणत असतील किंवा अक्षरे मध्येच गळत असतील, तर यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारे उपकरण) टाळून संगणकाच्या मागच्या बाजूच्या यूएसबी पोर्टला थेट जोडून पाहावे.

मराठीची चिंता नसावी. कोणत्या जागेवरची कळ दाबली एवढेच कीबोर्ड सांगतो. त्या जागी 'क' उमटवायचा की 'ा', हे संगणकावर निवडलेली इन्स्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन मांडणी ठरवते. तेव्हा नव्या संगणकावर आपली नेहमीची मांडणी बसवून घेतली की बोटांना काहीही नव्याने शिकावे लागणार नाही. आपले जुने डीटीपी सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालते की नाही, हे मात्र आधी तपासावे. तेथे अडले तर त्यावर कनव्हर्टर हा उपाय नव्हे.

प्रश्न : माझ्या संग्रहातील कीबोर्डला पाच टाचण्यांची जाड गोल पिन आहे. त्यालाही हाच कनव्हर्टर चालेल का? (ठाणे)

उत्तर : तो कीबोर्ड १९८४ च्या आयबीएम एटी पद्धतीचा असेल, तर होय. एटी आणि पीएस/२ यांचे संकेत सारखेच असल्यामुळे जाड पिन बारीक करणारा साधा जोड तेवढा मध्ये लावावा लागेल. येथे बिनचिपचा जोड पुरतो. त्याहून जुन्या एक्सटी पद्धतीलाही पिन अशीच असते, पण संकेत वेगळे असतात आणि नेहमीच्या कनव्हर्टरला ते कळत नाहीत. कीबोर्ड उलटा करून पाहावा. काहींच्या तळाशी 'एक्सटी' आणि 'एटी' असे लिहिलेला छोटा खटका असतो, तो 'एटी'कडे सरकवावा. खटका नसेल, कळा ८३ असतील आणि नम लॉक, कॅप्स लॉकचे दिवेही नसतील, तर तो एक्सटीच समजावा आणि त्यासाठी खास एक्सटीचा कनव्हर्टर शोधावा. इतक्या जुन्या कीबोर्डवर विंडोजची कळ नसते. स्टार्ट मेनूसाठी कंट्रोल आणि एस्केप या कळा एकत्र दाबाव्यात.