१०८ राहू दे, आधी तीन घाल

अरे रथसप्तमीला जोशात १०८ सूर्यनमस्कार घातलेस ते भारीच, पण रोज १०८ चा संकल्प नको करूस, दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरतात की जिना उतरताना कठडा पकडावा लागतो, माझं झालंय.

रोज फक्त तीन. हसू नकोस, दोन-तीन मिनिटांचं काम, मग 'वेळ नाही' म्हणायची सोयच राहत नाही. दात घासले की लगेच, चहाच्या आणि मोबाईलच्या आधी.

नवीन लोक इथे घसरतात:
- आधी महागडी मॅट घेतात (सतरंजी चालते)
- एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दुप्पट घालतात, मग सगळंच बंद. चुकला तर चुकला, उद्या परत तीनच.

कॅलेंडरवर पेनने फुली मारत जा. महिना टिकला तर पाच कर. श्वास, मंत्र वगैरे नंतर बघू.