कामाडो धुऊ नका, तापवा

हिवाळाभर कव्हर घालून ठेवलेला कामाडो (लाकडी कोळशावर चालणारी, झाकणाची सिरॅमिकची शेगडी) एप्रिलमध्ये उघडला तर आत पांढरट-हिरवी बुरशी, झाकणाच्या आतून सुटणारे काळे पापुद्रे आणि फायरबॉक्सला (कोळसा जळतो त्या आतल्या भांड्याला) तडा, असं तुम्ही लिहिलंय. प्रेशर वॉशरने धुऊन काढायचा विचार मात्र कृपया सोडून द्या. साबण किंवा ओव्हन क्लीनरही नको. बाहेरून झिलई असली तरी आतलं सिरॅमिक माठासारखं सच्छिद्र असतं. पाणी, साबण, रॉकेलसारखं पेटवायचं द्रव, जे लावाल ते आत मुरतं. द्रवाचा वास पुढे कितीतरी दिवस जेवणाला येत राहतो आणि मुरलेल्या पाण्यावर एकदम मोठी आच दिली तर वाफेच्या दाबाने सिरॅमिक तडकू शकतं.

बुरशीवर उपाय आगच. आधी मास्क लावा. आतला जुना कोळसा सगळा टाकून द्या, कारण बुरशी त्यातही असते. राख पूर्ण काढा, जाळ्या बाहेर घ्या आणि भिंती कोरड्या ब्रशने झाडा. मग नवा लाकडी कोळसा घालून सुरुवातीला तासभर आच १२० अंश सेल्सियसच्या आसपासच ठेवा, म्हणजे मुरलेला ओलावा हळूहळू निघून जाईल. ही पायरी बहुतेक लोक गाळतात, पण सगळ्यात महत्त्वाची हीच. त्यानंतर हवा येण्या-जाण्याच्या खालच्या-वरच्या झडपा उघडून ३०० अंशांपर्यंत न्या आणि अर्धा-पाऊण तास तसंच राहू द्या. या तापमानाला झाकण कधीही झटकन उघडू नका. आधी दोन बोटं उचला, हवा आत जाऊ द्या, मग उघडा. नाहीतर आत कोंडलेल्या वायूंना अचानक हवा मिळून भडका थेट तोंडावर येतो.

काळे पापुद्रे म्हणजे रंग नव्हे, तुपा-तेलाच्या धुराची साचलेली काजळी. गार झाल्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करून घासा, सुटेल तेवढी सुटू द्या. घट्ट बसलेला पातळ थर खरवडत बसू नका, त्याने काही बिघडत नाही.

जाळी स्टीलची असेल तर आतच जाळून ब्रश मारा. बिडाची असेल तर वारंवार कडक आचेवर जाळू नका, तेलाचा थर जळून गंज धरतो. घासून लगेच तेलाचा हात फिरवा. तारेच्या ब्रशपेक्षा मी लाकडी खरवडणी वापरतो. तुटलेली तार मांसाला चिकटून पोटात जाऊ शकते.

राखेकडे सर्रास दुर्लक्ष होतं. ती दमट हवेतलं पाणी ओढते, ओली झाली की लोखंड खाते आणि खालची भोकं बुजली की आच चढत नाही. राख पूर्ण गार झाल्यावरच, म्हणजे दुसऱ्या दिवशी, धातूच्या बादलीत काढा. विस्तव राखेखाली फार वेळ जिवंत राहतो.

झाकणाच्या कडेची फेल्टची पट्टी तपासायला मध्ये एक नोट ठेवून झाकण लावा. नोट सहज ओढली गेली तर पट्टी बदलायची वेळ झाली. नवी लावताना ताणू नका, तापल्यावर ती आकसते. बिजागरीच्या पट्ट्याचे बोल्ट वर्षातून दोनदा गार असताना आवळा. ढिल्या पट्ट्यातून झाकण निसटलं तर ते फुटतंच.

पुढच्या हिवाळ्यात राख आणि कोळसा काढून ठेवा आणि दोन्ही झडपा किंचित उघड्या ठेवा. वरून कव्हर घालून आत हवा कोंडली, म्हणूनच बुरशी धरली.

आता तडा. १९७४ साली अटलांटात एड फिशर यांनी बिग ग्रीन एग ही कामाडोची कंपनी सुरू केली तेव्हा या शेगड्या मातीच्या होत्या आणि वापराने तडकायच्या. आताचं सिरॅमिक बरंच टणक आहे, तरी फायरबॉक्स सगळ्यात जास्त तापतो आणि त्याला बारीक चीर जाणं नेहमीचं आहे. तुकडे जागेवर असतील तर खुशाल वापरा. तुकडा सुटला असेल तर तेवढा भाग वेगळा मिळतो. खरेदीचं बिल मात्र आजच शोधून ठेवा, कारण सिरॅमिकची वॉरंटी बहुधा मूळ खरेदीदारालाच मिळते.