पोरीलेच काहून झालं?

सिंदेवाही तालुक्यातली एक आजी, सून, मुलगा आणि अकरा वर्षांची नात. नातीला नुकताच टाइप १ मधुमेह निघालेला. "घरात कोणालेच शुगर नाही, लहान्या पोराले नाही. मंग पोरीलेच काहून?" प्रश्न मला होता, रोख सुनेकडे.

आमच्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी ठाऊक, म्हणून प्रत्येक आजार आईबापाच्या रक्तात शोधतात. सिकलसेल दोघांकडून दोष आला तर होतो. टाइप १ चा हिशोब वेगळा. शरीराची संरक्षणव्यवस्थाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, आणि बहुतेक मुलांच्या घरात तो आधी कोणालाच नसतो. आईनं गरोदरपणी गोड खाल्लं म्हणूनही होत नाही. हे मी सुनेकडे बघून दोनदा सांगितलं.

आता मुलगी-मुलगा. अशा स्वरूपाचे बरेच आजार, उदाहरणार्थ थायरॉइडचे, बायकांना जास्त होतात. टाइप १ त्याला अपवाद. पंधरा वर्षांखाली दोघांत प्रमाण जवळपास सारखं. हा आजार जास्त असलेल्या युरोपात मुलगे किंचित जास्त, कमी असलेल्या आशिया-आफ्रिकेतल्या बऱ्याच भागांत मुली किंचित जास्त. मुली लवकर वयात येतात, त्यामुळे त्यांच्यात निदानाचा जोर मुलांच्या थोडा आधी दिसतो. अकरावं वर्ष त्यातलंच.

आजीचा खरा प्रश्न मात्र मागून आला. "हिच्या लेकराईले होईन का? लग्न कोण करन?"

पाश्चात्त्य अभ्यासांतले आकडे सांगितले. आईला टाइप १ असेल तर शंभरातल्या दोन-तीन मुलांना होतो, बापाला असेल तर सहाच्या आसपास.

"म्हंजे पोराले असतं तं जास्त?"

"हो आजी."

ती गप्प झाली. 'पोराले असतं तं' असं तिनं कधी मनात आणलंच नसावं. लग्नाची चिंता आकड्यांनी जात नाही, पण त्याच चिंतेपायी मुलीचं इन्सुलिन थांबवून झाडपाल्यावर ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे जीव जातो.

धाकट्या भावाला शंभरात पाच-सहा इतकी शक्यता. फार तहान, सारखी लघवी, वजन घटणं, रात्री पुन्हा अंथरूण ओलं होणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी साखर तपासा, म्हटलं.

राहिली रोवणी, म्हणजे भातलावणी. सून पहाटेच बांधीत, भाताच्या शेतात जाते, मग सकाळचं इंजेक्शन कोण देणार? बाप पहिल्यांदा बोलला, "सुई पाहून मले भेव लागते." त्याच्याच हातात सिरिंज दिली आणि डोस भरायला शिकवलं.