मे महिन्यात देवबागला यावं का?

तुम्ही विचारलंय की मेच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन तारकर्ली-देवबागला यायचंय, पण पर्यटकांमुळे गावाचं नुकसान होतं असं वाचलं, तर यावं की नाही? मी देवबागचा. या, पण मेमध्ये नको.

मालवणजवळचं आमचं देवबाग म्हणजे एकीकडे कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. आमच्या विहिरीत असतं ते पावसाचं पाणी. वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. कळशीने शेंदलं तर गोडं राहतं. पंप लावून टाक्या भरल्या की खालचं खारं वर चढतं. माझ्या लहानपणी आमची विहीर पाऊस लागेपर्यंत पुरायची. आता एप्रिलमध्येच पाणी मचूळ लागतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत खोल्या भरलेल्या असतात. शौचालयांचे शोषखड्डेही त्याच वाळूत आहेत, याची मला जास्त भीती वाटते.

पैसा आला, हे नाकारणार नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हा गावातली पोरं मुंबईची वाट धरत होती. आज माझा पुतण्या स्कूबावाल्यांकडे कामाला आहे, वहिनी घरच्याच दोन खोल्या चालवते. त्यावर घर उभं आहे.

पण किनारा हातचा गेला. होडीतून रापणीचं जाळं अर्धगोल सोडायचं आणि दोन्हीकडचे दोर किनाऱ्यावरून ओढायचे. दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाच्या पदरात चार बांगडे पडायचेच, मग ती एकटी राहणारी म्हातारी असो की शाळकरी पोर. आता त्याच पाण्यात जेट स्कीच्या फेऱ्या चालतात. रापण मोडायला पर्यटन एकटं कारणीभूत नाही, माशांचा अख्खा थवा वेढणारी पर्ससीन जाळी आणि रात्री एलईडी दिव्यांनी मासे खेचणारी मासेमारी यांनी समुद्र आधीच ओरबाडलाय.

मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तरी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रवाळावर नांगर पडतात, स्नॉर्कलिंग करताना दमलेली माणसं त्यावरच उभी राहतात. प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण जिवंत असतं. कृपा करून पाय टेकू नका, माशांना पाव टाकू नका.

दिवाळीची गर्दी ओसरली की या. तेव्हा विहिरी भरलेल्या असतात. राहायचं तर गावकऱ्याच्या घरी राहा. आणि सकाळी कुठे रापण ओढताना दिसली, तर बघत उभे राहू नका, दोराला हात लावा.