इंग्रजी शिकवायचे आहे. पदवीच्या वर्षांत काय शिकावे?

प्रश्न : मी बार्शी येथील महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून इंग्रजी हा माझा मेजर विषय आहे. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले. पुढे मराठी माध्यमाच्या शाळांतील मुलांना, आणि जमल्यास नोकरीसाठी इंग्रजी शिकू पाहणाऱ्या प्रौढांना, इंग्रजी शिकवावे अशी माझी इच्छा आहे. आमच्या अभ्यासक्रमात मात्र कविता, नाटक आणि कादंबरी यांवरच भर आहे. उरलेल्या सत्रांत कोणते पेपर निवडावेत? मायनर म्हणून मानसशास्त्र घ्यावे की मराठी? आधी बी.एड. करावे की एम.ए.? आणि मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजीची चांगली शिक्षिका होऊ शकते का?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : मायनर म्हणून मराठी घ्या, आणि त्यातही व्याकरण व भाषाविज्ञान यांचे जे पेपर मिळतील ते आधी घ्या. तुमच्या पत्रातल्या बाकीच्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर याच सल्ल्यात दडलेले असल्याने त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो.

तुम्हाला ज्या मुलांना शिकवायचे आहे, त्यांच्या डोक्यात एक भाषा आधीच पक्की बसलेली आहे आणि नवी भाषा ती मुले तिच्याच आधाराने शिकतात. मराठीत ‘तू येतोस का?’ असे विचारताना वाक्यातील शब्दांचा क्रम बदलावा लागत नाही; त्यामुळे सहावीतला मुलगा ‘व्हेअर यू आर गोइंग?’ असे विचारतो, तेव्हा तो निष्काळजीपणा करीत नसतो, तर आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळत असतो. ‘मला माहीत आहे’ यातील ‘आहे’मुळे ‘आय ॲम नोइंग’ तयार होते. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून ती इंग्रजीत गळतात किंवा नको तिथे येतात. ‘त्याने आंबा खाल्ला’ आणि ‘त्याने पोळी खाल्ली’ या वाक्यांत क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते, तर इंग्रजीत ते कधीही तसे करीत नाही. उच्चारांतही हेच आहे. शब्दाच्या आरंभी येणारा इंग्रजी ‘प’ किंचित महाप्राण असतो आणि आपला नसतो, त्यामुळे आपण उच्चारलेले ‘पिन’ इंग्रज कानाला ‘बिन’सारखे वाटू शकते. आपला ‘व’ इंग्रजीतील दोन वेगवेगळ्या ध्वनींचे काम एकटाच करतो, म्हणून ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ यांतील भेद मुद्दाम शिकवावा लागतो. ज्या शिक्षिकेला मराठीची ही घडण जाणीवपूर्वक माहीत आहे, तिला चूक होण्याआधीच ती कुठे होणार हे दिसते. केवळ इंग्रजी येणाऱ्याला ते दिसत नाही, मग त्याची स्वतःची इंग्रजी कितीही सफाईदार असो. तुमच्या शेवटच्या शंकेचे उत्तरही हेच आहे. तुम्ही ज्या वाटेने इंग्रजीपर्यंत पोचलात, त्याच वाटेने तुमचे विद्यार्थी येणार आहेत, आणि ती वाट ठाऊक असणे हे तुमचे भांडवल आहे.

प्रत्येक चूक मातृभाषेतूनच येते, असे मात्र समजू नका. ‘गो’चे भूतकाळी रूप ‘वेन्ट’ऐवजी ‘गोएड’ असे करणारे मूल मराठी घरात सापडते तसेच लंडनमधल्या इंग्रज घरातही सापडते, कारण दोघेही नियम शोधत असतात. शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्याच्या मनात भाषेची कोणती रचना उभी राहत आहे याचा पुरावा होय, हा विचार भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 साली मांडला. शिकणाऱ्याची भाषा ही मातृभाषेपासून आणि लक्ष्य भाषेपासूनही वेगळी, स्वतःचे नियम असलेली एक मधली भाषा असते, अशी मांडणी भाषाशास्त्रज्ञ लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये केली. ‘द्वितीय भाषा संपादन’, म्हणजे मातृभाषेनंतरची भाषा माणूस कशी आत्मसात करतो, या शीर्षकाचा पेपर तुमच्या महाविद्यालयात मिळाला, तर दुसरा कोणताही पेपर सोडून तो घ्या.

इंग्रजी मेजरमध्ये निवडीला जिथे वाव असेल तिथे ध्वनिविचार, शब्दघटना, वाक्यरचना आणि समाजभाषाविज्ञान यांना अग्रक्रम द्या. लहान महाविद्यालयांत हे पेपर अनेकदा कागदावर असतात, पण शिकवायला प्राध्यापक नसल्यामुळे सुरू होत नाहीत. अशा वेळी ‘स्वयम्’ या शासकीय संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांचा आधार घेता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या विनियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करण्याची मुभा आहे. मात्र श्रेयांक (क्रेडिट) जमा होतील याची महाविद्यालयाकडून आधी लेखी मान्यता घ्यावी. साहित्याचे पेपर वाया गेले असे मानण्याचे कारण नाही. इंग्रजीचा आघातांवर चालणारा ताल मोठ्याने वाचलेल्या कवितेतून जितका कानात बसतो तितका नियमांतून बसत नाही, आणि सातवीच्या वर्गाला कोणती गोष्ट कुठे थांबवून ऐकवावी हे भरपूर कथा वाचलेल्या शिक्षिकेलाच सुचते.

मानसशास्त्र मायनर म्हणून नको, पण पूर्ण टाळूही नका. खुल्या वैकल्पिक विषयांत बालविकास किंवा अध्ययनाचे मानसशास्त्र यांचा एक पेपर घ्या. शिक्षक पात्रता परीक्षेत, म्हणजे टीईटीत, 150 पैकी 30 गुण बालविकास व अध्यापनशास्त्रासाठी असतात आणि दोन भाषांसाठी प्रत्येकी 30 गुण असतात. मराठी आणि इंग्रजी या दोन्हींचा पाया पक्का करणारी पदवी तिथेही उपयोगी पडेल.

आता ज्या भागाकडे विद्यार्थी सर्वांत कमी लक्ष देतात, त्याकडे वळतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कार्यानुभव यांसाठी स्वतंत्र श्रेयांक असतात. बरेच विद्यार्थी ते एखादे सर्वेक्षण किंवा अहवाल लिहून उरकतात. तुम्ही हे श्रेयांक वर्गात मिळवा. जवळच्या जिल्हा परिषद शाळेतील एकच वर्ग निवडा, मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि आठवड्यातून दोन तासिका याप्रमाणे संपूर्ण सत्रभर तोच वर्ग शिकवा. दहा शाळांत एकेक दिवस जाऊन हे साधत नाही, कारण जूनमध्ये न बोलणारी मुलगी नोव्हेंबरमध्ये काय बोलू लागली हे पाहण्यासाठी तुम्ही दोन्ही वेळा तिथे असायला हवे. मुलांच्या चुकांची एक वही ठेवा; मुलाने नेमके काय म्हटले किंवा लिहिले, त्याला काय म्हणायचे होते आणि तसे का झाले असावे, एवढेच तीन रकाने पुरेत. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे पाचवीतले मूल तुमच्यासमोर येते तेव्हा चार वर्षे इंग्रजी ‘शिकलेले’ असते, आणि तरीही त्याला एक साधे वाक्य स्वतःहून बोलता येत नाही, हे तुम्हाला वारंवार दिसेल. हे का घडते याचा शोध हाच तुमचा खरा प्रकल्प.

त्या वर्गात काय शिकवावे, यासाठी आपल्याच देशातील एक प्रयोग अभ्यासण्यासारखा आहे. 1979 ते 1984 या काळात भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी बंगळूर आणि दक्षिणेतील इतर काही ठिकाणच्या शाळांत व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रके यांवर आधारित कोडी इंग्रजीतून सोडवायला दिली. मन प्रश्न सोडवण्यात गुंतले की भाषा त्या ओघात आत्मसात होते, असा त्यामागचा विचार होता. जगभर आज कृती-आधारित भाषाशिक्षण म्हणून जे ओळखले जाते, त्याच्या आरंभीच्या महत्त्वाच्या प्रयोगांत याची गणना होते, आणि आपल्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांना त्याचे नावही माहीत नसावे याचे मला मनापासून वाईट वाटते. तुम्ही बार्शी आगारातले एसटीचे वेळापत्रक इंग्रजीत लिहून घ्या आणि मुलांना विचारा, की दुपारी बारापूर्वी पुण्यात पोचायचे असेल तर कोणती गाडी पकडावी, आणि ती चुकली तर पुढे काय करावे. उत्तर एका शब्दात आले तरी सुरुवातीला ते स्वीकारा.

तुमच्या जिल्ह्याचा आणखी एक विशेष ध्यानात ठेवा. सोलापूर शहरात तेलुगू आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नड बोलणारी घरे मोठ्या संख्येने आहेत. तिथल्या मराठी शाळेत बसलेल्या कित्येक मुलांची मराठी हीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. म्हणून माझी एक आग्रहाची सूचना आहे. या दोन वर्षांत कन्नड किंवा तेलुगू ही भाषा अगदी लिपीपासून शिकायला लागा. प्रावीण्य येण्याची गरज नाही. अनोळखी अक्षरांपुढे बसल्यावर आपली गती किती मंदावते, सर्वांसमोर बोलायला सांगितले की घसा कसा कोरडा पडतो, कोणता शिक्षक आपल्याला धीर देतो आणि कोणाच्या वर्गात आपण गप्प होतो, हे विद्यार्थिनी म्हणून अनुभवणे कोणत्याही अध्यापनशास्त्राच्या पेपराइतकेच महत्त्वाचे आहे.

स्वतःच्या इंग्रजीविषयी थोडेसे. युरोपीय परिषदेने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाक्षमतेच्या चौकटीत ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या आहेत. पदवी संपेपर्यंत बी-टू पक्की करण्याचे आणि पुढे सी-वन गाठण्याचे ध्येय ठेवा. त्यासाठी रोज पाऊण तास मोठ्याने वाचन आणि आठवड्यातून एक पानभर लेखन, तेही कोणाकडून तरी तपासून घेतलेले, एवढे सातत्य हवे.

आता बी.एड.विषयी. माध्यमिक शाळेत शिकवायचे तर त्याला पर्याय नाही. 2015 पासून तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. सहावी ते आठवीसाठी पदवी, बी.एड. आणि टीईटीचा दुसरा पेपर लागतो. पहिली ते पाचवीचे वर्ग मात्र बी.एड.वर मिळणार नाहीत, कारण सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये प्राथमिक स्तरासाठी डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविकाच योग्य अर्हता ठरवली. अकरावी-बारावीला शिकवायचे तर एम.ए. आणि बी.एड. दोन्ही हवीत, आणि वरिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए.ला किमान 55 टक्के गुण व नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. यातील सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. तुम्ही शालेय मुलांविषयी इतक्या ओढीने लिहिले आहे, की पदवीनंतर लगेच बी.एड. करावे आणि दोन-तीन वर्षे शिकवल्यावर एम.ए. करावे असे मला वाटते. तोपर्यंत तुमच्याजवळ स्वतःचे प्रश्न असतील, आणि हैदराबाद येथील इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठासारख्या, 1958 पासून इंग्रजीच्या अध्यापनाचे काम करणाऱ्या संस्थेत शिकण्याचा लाभ तेव्हा अधिक होईल.

प्रश्न : मी नाशिकला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय जीवशास्त्र आहे, पण मला प्रौढांना इंग्रजी शिकवण्याची आवड आहे. बी.एड.ऐवजी 120 तासांचे ऑनलाइन प्रमाणपत्र पुरेल का? विज्ञानाची वर्षे फुकट गेली, असे घरचे म्हणतात.
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : खासगी वर्ग, कंपन्यांमधील प्रशिक्षण किंवा परदेशातील भाषाशाळा यांसाठी बी.एड.ची अट सहसा नसते. पदवी आणि अध्यापनाचे विश्वासार्ह प्रमाणपत्र पाहिले जाते. ‘120 तास’ या आकड्यावर मात्र जाऊ नका. केंब्रिजचा ‘सेल्टा’ हा इंग्रजी अध्यापनाचा अभ्यासक्रमही किमान 120 तासांचाच आहे, पण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावे लागते, प्रशिक्षक मागे बसून ते पाहतात, आणि प्रत्येक पाठानंतर काय जमले व काय नाही याची चर्चा होते. जो अभ्यासक्रम तुम्हाला एकदाही कोणासमोर उभे न करता प्रमाणपत्र देतो, त्यावर पैसे घालवू नका. सेल्टाचे शुल्क मोठे असल्याने आधी वर्षभर एखाद्या वर्गात सहायक म्हणून काम करावे आणि ही आवड टिकते का ते पाहावे. इंग्रजी व्याकरणाचा अभ्यास त्या वर्षात स्वतः पूर्ण करा, कारण ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांतील फरक प्रौढ विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारतात.

जीवशास्त्राविषयी घरच्यांना एवढे दाखवा. परदेशी जाऊ पाहणाऱ्या परिचारिकांना ‘ओईटी’ ही आरोग्यक्षेत्रातील लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा देता येते, आणि तिच्यात रुग्णाशी संवाद साधणे व प्रकरणाच्या नोंदींवरून पत्र लिहिणे यांचा समावेश असतो. रक्तदाब, संसर्ग, औषधांची मात्रा यांविषयी आत्मविश्वासाने बोलू शकणारे इंग्रजी शिक्षक फार थोडे आहेत. शेवटच्या सत्रात शरीरक्रियाशास्त्राचा पेपर निवडता येत असेल तर तो घ्या, आणि नाशिकमधील एखाद्या नर्सिंग महाविद्यालयात आठवड्यातून एक तास संभाषणाचा वर्ग विनामूल्य घेऊ द्यावा, अशी विनंती करणारे पत्र याच महिन्यात लिहा.