बहिणीच्या मोकळेपणाचा हेवा वाटतो

प्रश्न : मी विवाहित असून पती, दोन मुले व सासूबाईंसह नेरूळला राहते. माझी अविवाहित धाकटी बहीण ठाण्यात नौपाड्याला, आई-बाबांच्या घराजवळ एकटी राहते. तिच्या मनात येईल तेव्हा ती गडकरी रंगायतनला नाटक पाहते, सुट्टीत गडकिल्ले फिरते. तिचे फोटो पाहताना डबे, मुलांचा अभ्यास आणि पाहुणे यांतच आपले आयुष्य सरले असे मला वाटते. मी तसे बोलून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, "ताई, तू संसाराला लागलीस म्हणून बाबांना दवाखान्यात नेणे-आणणे माझ्याकडे आले, हे तुझ्या लक्षात तरी आले का?" तेव्हापासून आमच्यात अबोला आहे. मी काय करू?

उत्तर : हेवा वाटला म्हणून स्वतःला दोष देऊ नका. माणूस तुलना करतो ती सहसा आपल्यासारख्यांशीच, असे लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडले होते. आणि एकाच घरात वाढलेल्या बहिणीइतके आपल्यासारखे दुसरे कोण असणार?

मात्र तुमच्या पत्रात मी थबकले ते बहिणीच्या वाक्यापाशी. अविवाहित मुलीचा वेळ हा सगळ्या घराचा, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. 'तिला कुठे मुलेबाळे आहेत' असे म्हणत बाबांच्या तपासण्या, आईचे बँकेचे काम, नातलगांची आजारपणे तिच्या गळ्यात पडतात आणि त्याची साधी दखलही कोणी घेत नाही, हे मला फार अन्यायाचे वाटते. आई-वडिलांच्या चरितार्थासंबंधीच्या 2007 च्या कायद्यानेही मुलगा व मुलगी दोघांवर जबाबदारी टाकली आहे आणि विवाहित मुलीला त्यातून वगळलेले नाही.

तुमचा थकवा खरा आहे, परंतु तो बहिणीमुळे आलेला नाही. त्याबद्दल बोलायचे ते पतीशी : आठवड्यातला एक दिवस डबे आणि मुलांचा अभ्यास त्यांनी पूर्णपणे, तुम्हाला काहीही न विचारता सांभाळावा. सासूबाईंना थोडे जड जाईल; जाऊ द्या. नेरूळहून ठाण्याला थेट लोकल आहे, तेव्हा त्या दिवसांपैकी काही बाबांसाठी ठेवा आणि त्यांची फाईल, औषधांची यादी व डॉक्टरांची वेळ हे सारे स्वतःकडे घ्या. उरलेले दिवस तुमचे. एखाद्या वेळी बहिणीबरोबर गडावरही जा.

अबोला सोडताना लांबलचक खुलासा नको. फोन करून एवढेच विचारा, "बाबांची पुढची तपासणी कधी आहे? मी नेते."